हाकेला ओ देणारं कुणी

पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्र उलटल्यावर आग लागली. भांडाराच्या कुंपणाला लागून असलेल्या आगरगाव, नागझरी, पिपरी, मुकिंदपूर या गावांना धोक्याची पहिली खबर मिळाली ती स्फोटाच्या हादऱ्यानेच. आत आग विझवायला धावलेले अग्निशामक कर्मचारी, जवान आणि दोन लष्करी अधिकारी मिळून सोळाहून अधिक माणसं गेली. आग एका शेडच्या पलीकडे गेली नाही. हजारो एकरांवर पसरलेलं, आशियातल्या सर्वांत मोठ्या भांडारांत गणलं जाणारं हे ठिकाण त्या रात्री वाचलं ते या माणसांमुळे. पुढे २० नोव्हेंबर २०१८ रोजी जवळच सोनेगाव (आबाजी) इथल्या मैदानावर मुदत संपलेला दारूगोळा निकामी करण्याचं काम सुरू असताना स्फोट झाला आणि सहा जण दगावले. त्यांत आसपासच्या गावांतून रोजंदारीवर आलेले मजूर होते.

या दोन घटनांच्या चौकशीत शिरण्याचा माझा अधिकार नाही. त्यांच्या निमित्ताने वर्धा जिल्ह्यातल्या सगळ्याच कामाच्या जागांना एक प्रश्न विचारायचा आहे. संकट आलं तर तिथे हाक कोण मारतं, ती कुणापर्यंत पोहोचते आणि तिला ओ कोण देतं? कॅमेरे आता प्रत्येक दारावर आहेत. कॅमेरा बहुतेक वेळा घडून गेलेलं दाखवतो. घडत असलेलं थांबवण्याची ताकद आवाजात आहे. तरीही सुरक्षेच्या अंदाजपत्रकात भोंगा, स्पीकर, इंटरकॉम, वॉकी-टॉकी यांची पाळी शेवटी येते. ही उतरंड चुकीची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

भोंगा आपल्याकडे जुना. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. पुढे हिंगणघाट आणि पुलगावलाही कापड गिरण्या उभ्या राहिल्या आणि गावाचा दिवस भोंग्यावर चालू लागला. कामाचा तोच भोंगा धोक्याच्या वेळीही वाजायचा. इथेच घोळ आहे. एकाच आवाजाचे दोन अर्थ असले की ऐकणारा थांबतो, शेजाऱ्याकडे बघतो आणि अंदाज बांधत बसतो. भोपाळमध्ये १९८४च्या डिसेंबरात याहून भयंकर घडलं. कारखान्याचा बाहेरच्या वस्तीसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद केला गेला. लोकांत घबराट नको, हा त्यामागचा विचार होता. पुन्हा तो पूर्ण जोराने वाजला तोवर वायू वस्त्यांत शिरून बराच वेळ झाला होता. यंत्र होतं, चालू होतं, पण ते कुणासाठी आणि केव्हा वाजवायचं याचा निर्णय चुकला.

भोपाळनंतर कायदे बदलले. कारखाना कायद्यात १९८७ साली धोकादायक प्रक्रियांवरचं स्वतंत्र प्रकरण आलं. घातक रसायनांविषयीच्या १९८९च्या नियमांनी त्यांच्या कक्षेत येणाऱ्या कारखान्यांना आतल्या आपत्कालीन आराखड्याची दर सहा महिन्यांनी रंगीत तालीम सक्तीची केली, तर कुंपणाबाहेरच्या आराखड्याची तालीम वर्षातून एकदा तरी व्हावी असं सांगितलं. कागदावर व्यवस्था चांगली आहे. मात्र या नियमांच्या चौकटीबाहेर राहणाऱ्या कामाच्या जागा जिल्ह्यात कितीतरी अधिक आहेत: जिनिंग-प्रेसिंग, तेल गिरण्या, गिट्टीच्या खाणी, गोदामं, बाजार समितीची यार्डं, दवाखाने आणि शेत.

ब्रिटनमधल्या न्यूकासलच्या एका भुयारी मेट्रो स्थानकावर झालेला एक प्रयोग १९९१ साली प्रसिद्ध झाला. नुसती घंटा वाजवली तेव्हा बरेच प्रवासी तिथेच थांबून राहिले. नियंत्रण कक्षातल्या माणसाने ध्वनिक्षेपकावरून, समोर काय चाललंय ते पाहून, ‘या दिशेने बाहेर पडा’ असं सांगितलं तेव्हा स्थानक कितीतरी लवकर रिकामं झालं. घंटा फक्त लक्ष वेधते. काय झालंय, कुठे झालंय आणि आपण काय करायचं, हे तीनही शब्दांनीच कळतं.

पण मग शब्द ऐकू यायला हवेत आणि समजायला हवेत. हिंगणघाट, आर्वी, देवळी, सिंदी रेल्वे या पट्ट्यातल्या जिनिंगमध्ये हंगामात उभं राहून पाहावं. एका रांगेत चालणारी जिनिंग यंत्रं, रुई ओढणारे पंखे, वर पत्र्याचं छप्पर. हातभर अंतरावरच्या माणसाशीही कानाजवळ तोंड नेऊन बोलावं लागतं. धोक्याचा आवाज भोवतालच्या गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबलने वर असावा, असा सर्वमान्य दंडक आहे. आपल्याकडे आठ तासांच्या पाळीसाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल धरलेली आहे. म्हणजे त्या मर्यादेला टेकलेल्या शेडमध्ये इशारा १०५च्या आसपास हवा. तिथे मोठा कर्णा लावला तर शब्द पत्र्यावर आदळून एकमेकांत मिसळतात आणि नुसता गलका उरतो. उपाय साधा आहे: एका मोठ्या कर्ण्याऐवजी थोड्या थोड्या अंतरावर अनेक लहान स्पीकर, सोबत फिरता दिवा आणि बोलण्याआधी यंत्रं आपोआप थांबतील अशी जोडणी. यंत्र थांबलं की जी शांतता होते, तीच कामगाराला पहिला इशारा देते. शिवाय कापसाच्या ढिगात आग धुमसत पसरते. ठिणगी पहिल्यांदा दिसते ती तिथे काम करणाऱ्या बाईला किंवा हमालाला. त्यांच्या हाताशी बटण नसेल, तर कार्यालयातल्या महागड्या यंत्रणेला खबर मिळेपर्यंत गाठी पेटलेल्या असतात.

गोंगाटात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचे कान अधू होतात, आणि उंच पट्टीचे आवाज आधी जातात. सायरन नेमका त्याच पट्टीत किंचाळत असेल, तर सर्वांत अनुभवी कामगारालाच तो कमी ऐकू येतो. म्हणून दिव्याची आणि अंगावर थरथरणाऱ्या उपकरणाची जोड आवश्यक ठरते. कर्णबधिर कामगारांसाठी तर तो एकमेव मार्ग आहे.

भाषेचं तसंच. भूगावच्या पोलाद कारखान्यात ३ फेब्रुवारी २०२१ रोजी भट्टीच्या देखभालीचं काम चालू असताना गरम हवेच्या झोताने ३५हून अधिक कामगार भाजले. अशा जड उद्योगांत मराठी बोलणाऱ्यांच्या शेजारी बिहार, छत्तीसगड, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली माणसं उभी असतात. ‘कृपया निर्धारित मार्गाने एकत्रीकरण स्थळाकडे प्रस्थान करावे’ अशी ध्वनिमुद्रित घोषणा वर्ध्याच्या मुलालाही पटकन कळणार नाही. ‘काम थांबवा, मागच्या गेटनं बाहेर निघा’ हे मराठीत आणि मग हिंदीत, रोजच्या ओळखीच्या मुकादमाच्या आवाजात आलं तर पाय लगेच हलतात. ध्वनिमुद्रित संदेश ठेवायचेच असतील तर ते पाळीतल्या लोकांकडून बोलवून घ्यावेत. त्याला खर्च लागत नाही.

आता उपकरणाविषयी. दारूगोळा, पेट्रोल, रसायनं, कोळसा यांच्या जागी आवाजाचं यंत्रच घातक ठरू शकतं. वेल्समधल्या सेंघेनिड खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ रोजी झालेल्या स्फोटात ४३९ खाणकामगार मेले. इशाऱ्याच्या घंटेच्या विजेच्या तारांतून उडालेली ठिणगी त्याचं कारण असावी, असा संशय होता. त्यानंतरच्या संशोधनातून अशी विद्युत उपकरणं आली, की ज्यांतून बिघाडाच्या वेळीही स्फोट घडवण्याइतकी ऊर्जा बाहेर पडू शकत नाही. आज वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या कोळसा खाणींत जमिनीखाली वापरायचा टेलिफोन याच तत्त्वावर लागतो. भारतात खाणी सोडून इतर स्फोटक जागांसाठीच्या उपकरणांना मान्यता देणारी पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना आपल्या शेजारीच, नागपुरात आहे. तिचं प्रमाणपत्र नसलेला साधा वॉकी-टॉकी अशा आवारात नेणं म्हणजे सुरक्षेच्या नावाने धोका आत घेऊन जाणं. विजेने पेटणाऱ्या सुरुंगाजवळ तर रेडिओच्या लहरींचीच भीती असते. म्हणून दगडाच्या खाणीत बार उडवण्याआधी हँडसेट दूर ठेवून भोंगा, शिट्टी आणि लाल झेंडा वापरतात. जुनं साधन तिथे मागासलेपणामुळे उरलेलं नाही, त्या जागी तेच योग्य आहे.

वॉकी-टॉकीबद्दल आणखी एक गोष्ट अनेक दुकानदारांना आणि सुरक्षा एजन्सींना ठाऊक नसते. २०१८च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या संचांना परवान्यातून सूट दिली. त्याबाहेरचा संच परवान्याशिवाय वापरणं गुन्हा ठरू शकतो, आणि पोलीस, रेल्वे किंवा अग्निशमन दलाच्या संवादात अडथळा येण्याचा धोका वेगळाच. ऑनलाइन विक्रीत ही माहिती लपवली जाते म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५मध्ये विक्रीस्थळांना नोटिसा दिल्या. हल्ली मोबाइलच्या नेटवर्कवर चालणारे, बटण दाबून बोलायचे संच स्वस्तात मिळतात. एरवी ते उत्तम चालतात, पण वादळात टॉवरची वीज गेली की तेही जातात. दोन किलोमीटरच्या आवारात थेट संचापासून संचापर्यंत बोलता येणारी एक तरी वाट शिल्लक हवीच.

आवाजाच्या शिस्तीचा सर्वांत पक्का धडा मात्र आपल्या डोळ्यांसमोर शंभराहून अधिक वर्षं चालू आहे. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग वर्धा–सेवाग्राम परिसरात एकमेकांना भेटतात. रुळावर काम करणारा ट्रॅकमन, ज्याला अजून सगळे गँगमनच म्हणतात, तो कानांवर जगतो. फाटकाआधी ‘सी/फा’ लिहिलेली पाटी दिसली की चालकाने शिट्टी द्यायचीच. मार्गात अडथळा असेल तर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके रुळावर बांधायचे. चाकाखाली ते फुटले की इंजिनातल्या माणसाने काय ते समजायचं. धुक्यात सिग्नलच्या २७० मीटर अलीकडे असेच फटाके लावतात. इथे कसलंही नेटवर्क नाही, बॅटरी नाही आणि गैरसमजाला जागा नाही.

तरीही गँगमन गाडीखाली सापडतात. विजेची गाडी वाफेच्या इंजिनासारखी दुरून ऐकू येत नाही, आणि शेजारच्या मार्गावरून मालगाडी धडधडत असेल तर आपल्या मार्गावरची अजिबात कळत नाही. यासाठी रेल्वेने ‘रक्षक’ नावाचं यंत्र आणलं. जवळच्या स्थानकाकडून रेडिओवर इशारा येतो आणि रूळ तपासणाऱ्या कीमनच्या अंगावरचा संच आवाज, दिवा आणि थरथर या तिन्ही मार्गांनी गाडी येत असल्याचं सांगतो. माझ्या मते कामगाराच्या सुरक्षेसाठी या देशात जे आवाजाचं तंत्रज्ञान आलं, त्यात हे सर्वांत मोलाचं आहे, कारण ते थेट धोक्यात उभ्या माणसाच्या अंगावर आहे. साहेबाच्या टेबलावर नाही. एकट्याने रूळ तपासत मैलोन्‌मैल चालणाऱ्या प्रत्येकाकडे ते असायला हवं.

रेल्वेची दुसरी गोष्ट त्याहून कमी माहीत आहे. फाटक बंद झाल्याचं गेटमन स्टेशन मास्तरला फोनवर कळवतो, तेव्हा ‘हो, बंद केलं’ एवढं पुरत नाही. त्याच्याकडे अंकांचा एक तक्ता असतो. त्यातला पुढचा दोन अंकी ‘प्रायव्हेट नंबर’ तो सांगतो. मास्तर तो नोंदवहीत लिहितो आणि वापरलेला अंक खोडला जातो. अंक क्रमाने नसतात, म्हणून अंदाजाने सांगता येत नाहीत. सवयीने, झोपेत किंवा दुसऱ्याच फाटकावरून ‘हो’ म्हटलं जाण्याची शक्यता एवढ्या साध्या युक्तीने जवळपास संपते. तोंडी शब्दाला पुरावा जोडण्याची यापेक्षा स्वस्त रीत मला माहीत नाही.

ही रीत इतरत्र नेण्यासारखी आहे. विजेच्या खांबावर चढणाऱ्या लाइनमनचंच पाहा. फिडर बंद करून ‘परमिट’ घ्यायचं आणि मगच तारेला हात लावायचा, हा नियम आहे. पावसाळ्याच्या रात्री उपकेंद्र दहा-बारा किलोमीटर दूर असतं, गावाचे फोनवर फोन चालू असतात आणि परमिट मोबाइलवर तोंडी घेतलं जातं. एकाच नावाचे दोन फिडर असतात, तुटक ऐकू येतं, पाळी बदलते. मग बंद समजलेली तार जिवंत निघते. दोन्ही टोकांना अंकांचा तक्ता, सांगितलेलं वाक्य ऐकणाऱ्याने जसंच्या तसं परत म्हणणं आणि त्या फोनचं ध्वनिमुद्रण, एवढ्या तीन गोष्टी सक्तीच्या केल्या तर काही घरांतला कर्ता माणूस वाचेल.

दवाखान्यांकडे वळू. सेवाग्रामचं महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थान १९६९ सालचं, देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. पलीकडे सावंगीचं मोठं रुग्णालय. दोन्हीकडे चार-पाच जिल्ह्यांतून आणि मध्य प्रदेश, तेलंगणातूनही माणसं येतात, रात्री-बेरात्री येतात. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ९ ऑगस्ट २०२४ रोजी निवासी डॉक्टर तरुणीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमलं आणि देशभर रुग्णालयांच्या सुरक्षेची चर्चा झाली. महाराष्ट्रात वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हिंसेविरुद्धचा कायदा २०१०पासून आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण कायदा मारहाणीनंतर येतो. त्याआधीची पाच मिनिटं आवाजाची असतात: नातेवाइकांचा सूर चढतो, दारात गर्दी होते, सिस्टर एकटी असते.

त्या पाच मिनिटांसाठी तीन वेगवेगळी साधनं लागतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांची सरमिसळ होते. पहिलं, टेबलाखाली किंवा गळ्यातल्या ओळखपत्रात असलेलं मूक बटण. ते दाबल्यावर वॉर्डात काहीच वाजू नये, कारण पेटलेल्या माणसासमोर हूटर वाजला तर तो अधिक बिथरतो. दुसरं, थेट फोन, उचलला की सुरक्षा कक्षात वाजणारा, नंबर न फिरवावा लागणारा. सेवाग्राम आश्रमाच्या बापू दफ्तरात जुना टेलिफोन जपून ठेवला आहे; व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळात सरकारला गांधीजींशी तातडीने बोलता यावं म्हणून तो बसवला गेला. व्हाइसरॉयला लागलेली ती सोय आज रात्रपाळीच्या परिचारिकेला मिळावी, ही मागणी मोठी नाही. तिसरं साधन सांकेतिक घोषणा. हृदय बंद पडलेल्या रुग्णासाठी ‘कोड ब्लू’ सर्वत्र रुळला आहे, पण हिंसेचा कोड रुग्णालयागणिक बदलतो. सेवाग्रामहून सावंगीला किंवा नागपूरला गेलेल्या डॉक्टरला तो नव्याने पाठ करावा लागतो. निदान विदर्भातल्या शिक्षण रुग्णालयांनी एकच कोड ठरवावा.

दुकानं आणि आस्थापनांविषयीच्या राज्याच्या २०१७च्या कायद्याने महिलांना त्यांच्या संमतीने रात्री साडेनऊनंतरही काम करता येतं, मात्र मालकाने पुरेसं संरक्षण द्यायचं आहे. या पुरेशा संरक्षणात घरापर्यंतच्या गाडीइतकंच, मदत मागितल्यावर उत्तर देणारं माणूसही मोजलं जावं. बटण दाबल्यावर कोण उचलणार याचं नाव पाळीच्या तक्त्यावर लिहिलेलं नसेल, तर त्या बटणाचा उपयोग शून्य.

जिल्ह्यातली सर्वांत मोठी कामाची जागा मात्र शेत आहे, आणि सुरक्षेच्या कुठल्याही चर्चेत ती येत नाही. कृषिपंपाला वीज बऱ्याचदा रात्रीची, म्हणून ओलीत रात्रीचं. हरभरा-तुरीवर रोही आणि रानडुकरं, म्हणून जागल. बोर अभयारण्य १९७०चं. २०१४ साली ते व्याघ्र प्रकल्प झालं. त्याचा गाभा जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचा, त्यामुळे वाघ सेलू, कारंजा, आष्टीच्या शिवारांत येतोच. मचाणावरून डबा बडवणं, गोफण मारणं, लांबून हाळी देणं ही जुनी रीत. त्या जागी आता सायरन असलेली झटका मशीन आणि कुत्र्यांचं भुंकणं, माणसांचं बोलणं वाजवत राहणारे सौर स्पीकर आले आहेत. रानडुक्कर चलाख, तोच आवाज चार रात्री ऐकला की पाचव्या रात्री खुशाल चरतं. आवाज आणि वेळ बदलत राहणारी यंत्रंच टिकतात. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबालगत सीताराम पेठ इथे कॅमेऱ्याने वाघ ओळखून गावाला सायरनने सावध करणारी यंत्रणा बसवली गेली. बोरच्या काठच्या गावांना तिची गरज तितकीच आहे.

यापेक्षाही मला आशा वाटते ती ‘ग्राम सुरक्षा यंत्रणे’ची. पुणे, नाशिक, अहिल्यानगर भागात ती रुजली. एका टोल फ्री क्रमांकावर गावकऱ्याने फोन करून आपल्याच आवाजात ‘मळ्यात बिबट्या आलाय’ किंवा ‘चोर शिरलेत’ असं सांगायचं. क्षणात तोच आवाज गावातल्या नोंदलेल्या सगळ्या फोनवर वाजतो. स्मार्टफोन लागत नाही, वाचता यावं लागत नाही, आणि आवाज ओळखीचा असल्याने विश्वास बसतो. विजेचा इशारा देणारं पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप उत्तम आहे, पण निंदणाला गेलेल्या बायकांच्या हाती ते नसतं. त्यांच्यापैकी एकीजवळचा साधा फोन वाजला तरी सगळ्या झाडाखालून बाजूला होतील. वर्ध्याच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने ही यंत्रणा घ्यावी, आणि तिच्यात गावाबाहेरून कापूस वेचायला आलेल्या टोळीचे नंबरही घालावेत.

फोनवरून मदत मागताना या जिल्ह्याची एक खास अडचण आहे. राज्यात ११२ला केलेला फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात घेतला जातो आणि तिथून जिल्ह्यातल्या गाडीला कळवलं जातं. घाबरलेला माणूस ‘कारंज्याहून बोलतोय’ म्हणतो. कारंजा (घाडगे) वर्ध्यात, कारंजा (लाड) वाशीममध्ये. सेलू आपलं आहे तसंच परभणीचं. आष्टी (शहीद) वर्ध्यात, दुसरी आष्टी बीडला. मोबाइलचं ठिकाण यंत्रणेला कळतं, पण रानात टॉवर विरळ असतात आणि ते ठिकाण काही किलोमीटरने चुकू शकतं. प्रत्येक कारखाना, दवाखाना, पेट्रोल पंप, बँक यांनी फोनशेजारी एक वाक्य लिहून लावावं: गाव, तालुका, जिल्हा, जवळची खूण. गडबडीत माणूस स्वतःचा पत्ताही विसरतो; समोर लिहिलेलं मात्र वाचू शकतो.

आता नवं संकट आवाजाच्याच पोटातून आलं आहे. ब्रिटनमधल्या एका ऊर्जा कंपनीच्या प्रमुखाला २०१९ साली वरिष्ठाच्या हुबेहूब बनावट आवाजात फोन आला आणि त्याने दोन लाख वीस हजार युरो पाठवून दिले. तेव्हा ते अपूर्वाईचं होतं. आज काही सेकंदांच्या नमुन्यावरून कुणाचाही आवाज बनवता येतो. हिंगणघाटच्या कापूस बाजारात मोठमोठे व्यवहार शेठजींच्या एका फोनवर होतात. पतसंस्थेचा रोखपाल अध्यक्षांचा आवाज ओळखतो म्हणून पैसे सोडतो. गोदामाचा चौकीदार मॅनेजरच्या आवाजावर रात्री गेट उघडतो. ही ओळख आता पुरावा राहिलेली नाही. इथेही गेटमनचा तक्ता चालतो: पैसे, किल्ली आणि गेट यांबाबतचा कुठलाही तोंडी आदेश आला की फोन ठेवायचा, आपल्याकडच्या नंबरवर उलट फोन करायचा आणि त्या दिवसाचा अंक विचारायचा. मालकाने त्यावर रागावायचं नाही, हे आधी ठरलेलं हवं. नाहीतर गरीब चौकीदार विचारायला धजणार नाही.

शेवटी कानांचा प्रश्न. माइक असलेले कॅमेरे आता किरकोळ दुकानातही आले आहेत. सुरक्षेसाठी म्हणून लावलेल्या माइकवर मालक कामगारांचं खासगी बोलणं ऐकतात, युनियनची चर्चा ऐकतात, बायकांचं आपसातलं बोलणं ऐकतात. हे मला मुळीच मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात पोलीस ठाण्यांत आवाजासह चित्रीकरणाचा आदेश दिला, तो दुबळ्याच्या संरक्षणासाठी, सत्ता असलेल्यावर नजर राहावी म्हणून. कारखान्यातला माइक याच्या नेमका उलट वापरला जातो. २०१७च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, आणि २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने ध्वनिमुद्रणही जबाबदारीच्या कक्षेत आणलं. काच फुटण्याचा किंवा किंकाळीचा आवाज ओळखून इशारा देणारी, पण बोलणं साठवून न ठेवणारी यंत्रं उपलब्ध आहेत, तीच घ्यावीत. विश्रांतीच्या खोलीत, जेवणाच्या जागी, कपडे बदलण्याच्या ठिकाणी माइक असूच नये. ज्याला आपलं बोलणं चोरून ऐकलं जातंय अशी शंका आहे, तो कामगार धोक्याची खबरही तोंडातून काढत नाही.

जिल्हाधिकारी, औद्योगिक सुरक्षा विभाग आणि कारखानदार यांच्यापुढे म्हणून दोनच मागण्या ठेवतो. हँडसेट, बटण आणि घोषणेची तालीम यांच्या याद्यांत कंत्राटदाराने आणलेल्या रोजंदारीच्या माणसांची नावं कायम कामगारांच्या बरोबरीने असावीत. सोनेगावच्या मैदानावर होती तीच माणसं. आणि रंगीत तालीम भर दिवसा, सगळे साहेब हजर असताना होते, ती वर्षातून एकदा तरी रात्री दोन वाजता घ्यावी, वीज बंद करून, कुंपणाबाहेरच्या गावांसह. कुणाला इशारा ऐकू आला नाही, कुणाला ऐकू येऊनही समजला नाही आणि कुणाच्या फोनला उत्तर मिळालं नाही, याची यादी त्याच पहाटे तयार करून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.